फॉलिकची गोळी दुधाबरोबर : दुधातलं प्रथिन खरंच जीवनसत्त्व अडकवून ठेवतं का?

लालबागची_काकू · मंगळवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. एरवी माझा मुक्काम पाककृतींच्या विभागात. इकडे पहिल्यांदाच येतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

सूनबाईला पाचवा सरून सहावा लागलाय. प्रसूतिगृहातून लोह-फॉलिकच्या लाल गोळ्या मिळाल्यात. नुसत्या गोळीने तिला मळमळतं, म्हणून मीच ती रात्री कपभर कोमट दुधाबरोबर घ्यायला लावते. वेलची घालून. दोन महिने झाले.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक भलंमोठं ढकलपत्र आलं. गाईच्या दुधात जीवनसत्त्वांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात, ती फॉलिक, बी १२, अ, ड अशा सगळ्यांना कुलूप घालतात, आणि ते कुलूप माणसाच्या पोटात उघडत नाही. गरोदर बाईने दुधासोबत गोळी घेतली तर ती गटारात गेली समजा. खाली तीन लाल त्रिकोण आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'.

सूनबाई मला काही बोलली नाही. पण काल तिने गोळी हातात धरून आधी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने पाण्याबरोबर घेतली. दूध नंतर प्यायली, तेही माझं मन राखायला.

असं प्रथिन खरंच असतं का? आणि असेल तर दोन महिने मी काय करून बसले? दूध गाईचं, पिशवीतलं. सकाळी एक उकळी देते, संध्याकाळी दुसरी.

---

कुर्ला_कट्टा · मंगळवार, रात्री ९.५८

काकू, ज्या मेसेजमध्ये तीन लाल त्रिकोण असतात त्यात तीन लाल थापा असतात, हा माझा अनुभव. पण जाणकार येईपर्यंत मी हा बसलो.

---

निवृत्त_लॅक्टोमीटर · मंगळवार, रात्री १०.३५

काकू, आधी घोटभर पाणी प्या. :)

माझी तीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली. पहाटे टँकर लागला की नमुना घ्यायचा, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग), आम्लता बघायची आणि मगच टँकर खाली करायला सांगायचं. दुधाबद्दल बरंच कळतं, बाळंतपणाबद्दल शून्य. तेव्हा मी दुधापुरतंच बोलतो.

असं प्रथिन असतं. ढकलपत्रातली तेवढी एक ओळ खरी आहे. दुधातलं फॉलेट सुटं फिरत नसतं, ते एका प्रथिनाच्या खोबणीत बसलेलं असतं. इंग्रजी नाव फोलेट-बाइंडिंग प्रोटीन, आपण फॉलेटधारक म्हणू. १९६७ सालापासून ते शास्त्राला माहीत आहे. बी १२ ला धरणारं वेगळं, आणि अ जीवनसत्त्वाला धरू शकणारं आणखी वेगळं.

आता ते किती असतं ते बघा. गाईच्या दुधात शंभर ग्रॅमला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. त्यातले पाचातले चार भाग केसिन. दूध फाटलं की जो चोथा हाताला लागतो तो हाच. उरलेला एक भाग निवळीत राहतो. त्या निवळीतल्या प्रथिनांपैकी निम्मं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, ते अ वालं, त्याबद्दल नंतर. आणि फॉलेटधारक? लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास. माझ्या भाषेत सांगतो: दहा हजार लिटरचा टँकर उभा आहे, त्यात हे प्रथिन शंभर ग्रॅम. उपम्याला घेता तेवढा वाटीभर रवा. ही तुमच्या ढकलपत्रातली कुलुपांची फौज.

गाय हे कशाला बनवते, तर वासरासाठी. फॉलेट नाजूक असतं, आणि वासराच्या आतड्यातले जिवाणूही त्यावर टपलेले असतात. प्रथिनाला चिकटलेलं फॉलेट त्यांना सहजासहजी ओढता येत नाही. म्हणजे गाईच्या बाजूने बघितलं तर हे कुलूप नाहीच, हा खाऊचा डबा आहे. झाकण लावून दिलेला.

---

लालबागची_काकू · मंगळवार, रात्री १०.५०

दादा, जिवात जीव आला. पण झाकण वासराच्या पोटात उघडतं. सूनबाईच्या पोटात उघडतं का?

---

निवृत्त_लॅक्टोमीटर · मंगळवार, रात्री ११.०५

उघडतं. आम्लात पकड सुटते. पीएच पाचच्या खाली गेला की फॉलेट खोबणीतून बाहेर येतं, आणि मोठ्या माणसाचं जठर त्याहून कितीतरी आंबट असतं. तान्ह्या बाळाचं जठर एवढं आंबट नसतं, म्हणून तिथे पकड टिकते, आणि बहुधा टिकावी हाच हेतू आहे.

तुमच्या दोन उकळ्यांबद्दल. डेअरीत दूध पाश्चराइज होतं तेव्हा ७२ अंशाला १५ सेकंद. एवढ्याने हे प्रथिन फारसं बिघडत नाही. टेट्रापॅकचं दूध १३५ अंशाच्या पुढे जातं, त्यात ते उरत नाही म्हटलं तरी चालेल. घरची खदखदून आलेली उकळी या दोहोंच्या मधली, आणि तुम्ही ती दोनदा देता. आपल्याकडच्या ओट्यावर हे प्रथिन अखंड राहायची शक्यता तशीही कमीच. उकळीत थोडं फॉलेटही जातं, तो वेगळा हिशोब.

झोपतो. उद्या माटुंग्याच्या ताई येतील, आकडे त्या नीट मांडतील.

---

माटुंगा_रसायन · बुधवार, सकाळी ७.२०

लॅक्टोमीटरकाका, परस्पर कामाला लावलंत. लोकलमधून लिहितेय, बसायला मिळालंय म्हणून जमतंय.

काकू, एक साधा गुणाकार-भागाकार. एका प्रथिनात फॉलिकचा एकच रेणू बसतो. दुसऱ्याला जागा नाही. प्रथिनाचं रेणुवजन तीस हजारांच्या घरात, फॉलिक ॲसिडचं ४४१. म्हणजे फॉलिक प्रथिनाच्या जवळपास सत्तराव्या भागाइतकं हलकं. दोनशे मिलीच्या पेल्यात हे प्रथिन दोन मिलिग्रॅम, म्हणजे दोन हजार मायक्रोग्रॅम. भागिले सत्तर. उत्तर अठ्ठावीस-एकोणतीस. ढोबळ धरून तीस मायक्रोग्रॅम.

याचा अर्थ कच्च्या दुधाच्या अख्ख्या पेल्यातल्या सगळ्या खोबणी रिकाम्या आहेत असं धरलं तरी ते दूध फार तर तीस मायक्रोग्रॅम फॉलिक पकडेल. प्रत्यक्षात त्या रिकाम्या नसतात, त्यात दुधाचं स्वतःचं फॉलेट आधीच बसलेलं असतं. शंभर मिलीला पाच मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे पेल्यामागे दहा.

सूनबाईच्या लाल गोळीत फॉलिक किती? पाकिटावर बघा, ५०० मायक्रोग्रॅम असेल. काहींना नुसत्या फॉलिकची गोळी देतात ती तर बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची, म्हणजे पाच हजार. विसावर माणसांच्या खोलीत पाचशेचं वऱ्हाड आलं तर बाकीचे मांडवात मोकळेच फिरणार.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, ढकलपत्राला थोडा आधार तिथून मिळाला असावा. दुधातलं नैसर्गिक फॉलेट आणि गोळीतलं फॉलिक ॲसिड हे रूपाने वेगळे. नेदरलँड्समध्ये काचेच्या कृत्रिम पोट-आतड्यात तपासलं, तेव्हा नैसर्गिक रूप जठराच्या आम्लात सुटून मोकळं झालं, फॉलिक ॲसिड मात्र जास्त घट्ट बसलं आणि थोडं कमी मोकळं झालं. तो प्रश्न होता दुधातच फॉलिक मिसळून विकायचं झालं तर काय, असा. तिथे मात्रा मुळात छोटी असते, त्यामुळे फरक दिसतो. त्यावरून 'गोळी गटारात' हा निष्कर्ष ज्याने काढला त्याला माझा नमस्कार.

दादर आलं, उतरते.

---

कुर्ला_कट्टा · बुधवार, सकाळी ८.०२

सकाळी सात वीसला लोकलमध्ये बसायला मिळालं यावर आधी पुरावा द्या, रेणुवजन नंतर.

---

देशी_गोधन · बुधवार, सकाळी ९.१५

मूळ मुद्दा कोणी मांडतच नाही. हे सगळे दोष जर्सी-होल्स्टीनच्या ए १ दुधाचे. गीर, खिल्लारचं ए २ घ्या, प्रश्नच मिटला.

---

माटुंगा_रसायन · बुधवार, दुपारी १.३०

डबा खाता खाता: ए १, ए २ हा बीटा-केसिनमधल्या एका जागेचा फरक. अमिनो आम्लांच्या साखळीतल्या ६७ व्या जागी हिस्टिडीन आहे की प्रोलीन, एवढाच. जीवनसत्त्व धरणाऱ्या प्रथिनांशी त्याचा संबंध नाही. खिल्लारच्या दुधातही फॉलेटधारक असतो, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनही असतं, म्हशीच्याही असतं. आईच्या दुधात मात्र बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नसतंच. गाईच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्या बाळांत संशयितांच्या यादीत ते वर असतं ते त्यामुळेच.

ए २ च्या दाव्यांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये आधी आदेश काढला आणि पाच-सहा दिवसांत मागे घेतला. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला.

---

भोईवाडेकर · बुधवार, दुपारी ३.१०

फॉलिकचा विषय निघाला आणि परळचं नाव नाही, हे काही बरोबर नाही.

मंडळी, या फॉलिकची गोष्टच मुळी आमच्या परळात घडली. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. इथल्या गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात भयंकर पंडुरोग व्हायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या. बाळंतपणात बायका जायच्या. हे का होतं ते शोधायला तिला बोलावलेलं, आणि तिचं बसायचं ठिकाण हाफकिन इन्स्टिट्यूट.

तिने बायकांचं ताट बघितलं. कोण काय खातं, किती खातं. मग प्राण्यांना तसाच निकस आहार देऊन बघितला. उपाय सापडला तो कशात? मार्माइट. यीस्टचा काळपट, खारट, पावाला लावायचा अर्क. त्याने रुग्ण बायका उठून बसायला लागल्या. १९३१ साली तिने ते छापलं. त्यात नेमकं काय काम करतंय ते तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून तो पदार्थ वेगळा काढला, आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून नाव पडलं फॉलिक.

माझी आजी त्या काळात परळच्याच चाळीत राहायची. गिरणीत नव्हती, पण खाणावळ चालवायची. तिच्या तोंडी 'पांढरी पडली' हा शब्द होता. अमकी पांढरी पडली आणि गेली. त्यापलीकडे कोणी काही विचारत नसे. काकू, तुमची सूनबाई जी लाल गोळी घेते तिची नाळ त्या बायकांपर्यंत जाते.

---

लालबागची_काकू · बुधवार, दुपारी ३.४५

भोईवाडेकर, अंगावर काटा आला हो. माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊ अशाच गेल्या म्हणतात. गिरणीतच होत्या. 'पांढरी पडली' हेच शब्द.

---

घाटकोपर_शाकाहारी · बुधवार, संध्याकाळी ६.५०

माझं दुखणं वेगळं. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, पण दूध-दही-चहा भरपूर. तरी बी १२ तपासलं तर १४०. बी १२ ला धरणारं प्रथिन दुधात आहे म्हणता, मग तेच अडवत असेल का?

---

माटुंगा_रसायन · बुधवार, रात्री ८.४०

उलट. बी १२ च्या बाबतीत धरणारं प्रथिन ही सोयच आहे.

बी १२ हे असं जीवनसत्त्व आहे की ते एकट्याने कुठेच जात नाही. पालखीसारखं. तोंडातल्या लाळेचं प्रथिन पहिले भोई. पोटातून पुढे गेल्यावर त्यांचा खांदा सुटतो आणि जठरात तयार झालेला 'इंट्रिन्सिक फॅक्टर' पालखी उचलतो, तो लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतो. तिथून रक्तात शिरलं की तिसरे भोई, ट्रान्सकोबालामिन. (भोईवाडेकर, तुमचं नाव वापरलं, राग नसावा.) गंमत अशी की गाईच्या दुधात बी १२ ज्या प्रथिनावर बसून येतं ते याच ट्रान्सकोबालामिनचं गाईचं भावंड. आपल्या पोटात ते पचतं, पालखी खाली टेकते, आपले भोई ती उचलतात. डुकरांवर केलेल्या प्रयोगात दुधातलं बी १२ गोळीतल्या कृत्रिम बी १२ पेक्षा चांगलं शोषलं गेलं. पुण्यात तरुण शाकाहारी मंडळींना रोज दूध देऊन पाहिलं, त्यांचंही बी १२ वाढलं.

मग तुमचं १४० का? प्रथिनाला दोष देण्याआधी माप बघा. शंभर मिलीला जेमतेम ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम. रोजची गरज दोन-अडीच. म्हणजे दोन-तीन पेले दूध, नियमाने. तुम्ही 'भरपूर' म्हणता त्यातला मोठा भाग चहा असेल तर एका कटिंगमध्ये दूध असतं किती? चाळीस मिली धरा. त्याचं बी १२ होतं ०.२, आणि टपरीवरचा चहा सकाळपासून उकळतोय, त्यात काही भाग उडतो. दिवसाला सहा कटिंग घेतलेत तरी पित्त वाढेल, बी १२ नाही. पित्तावर तुम्ही रोज गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. जठराचं आम्ल दाबलं की अन्नातल्या बी १२ ची पकड सुटायला त्रास होतो.

आणि १४० ला दुधाने भागवत बसू नका. ते इंजेक्शन किंवा गोळीचं काम.

---

घाटकोपर_शाकाहारी · बुधवार, रात्री ९.०५

पित्ताची गोळी चार वर्षं सकाळी उपाशीपोटी. हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

---

सायीची_राणी · बुधवार, रात्री ९.३०

अ जीवनसत्त्वाचं कोणीतरी बोला ना. मी मुलांच्या दुधावरची साय काढून तूप करते, म्हणजे अ जातं का राहतं?

---

निवृत्त_लॅक्टोमीटर · गुरुवार, सकाळी ६.१५

हे माझं खातं.

बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन १९३४ साली स्फटिकरूपात वेगळं काढलं गेलं. पन्नासेक वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याचा आकार कळला आणि शास्त्रज्ञ चकित झाले: आपल्या रक्तात अ जीवनसत्त्व वाहून नेणारं जे प्रथिन आहे, त्याच घडणीचं. पेल्यासारखी खोबण, आत तेलकट रेणू बसायला जागा. नळीत घालून बघितलं तर अ बसतं, ड ही बसतं. यावरून पुस्तकांत पडलं की हे दुधातलं अ चं वाहक. पण दुधातून ते काढून बघितलं तर खोबणीत सापडतात मुख्यतः मेदाम्लं. दुधातलं अ बहुतांशी स्निग्धांशात विरघळलेलं असतं, प्रथिनावर नाही. त्यामुळे ते प्रथिन खरोखर कशासाठी आहे यावर वाद अजून चालू आहे. जागा आहे पण भाडेकरू दुसराच, आपल्या मुंबईत हे नवीन नाही.

तर राणीताई, साय काढली की अ सायीबरोबर तुपात गेलं. गाईचं तूप पिवळं दिसतं ते कॅरोटीनमुळे. म्हैस ते कॅरोटीन अंगातच अ मध्ये बदलून टाकते, म्हणून तिचं दूध, तूप पांढरं. पांढऱ्या तुपात अ नाही हा गैरसमज. तीन टक्के फॅटचं टोन्ड दूध घेत असाल तर पिशवीवर निळ्या चौकोनात '+एफ' चं चिन्ह आहे का बघा. तसं असेल तर डेअरीने त्यात अ आणि ड वरून घातलेलं आहे: लिटरला अ २७० ते ४५० मायक्रोग्रॅम, ड ५ ते ७.५.

साय कशी धरते तेही सांगतो, कारण ते या प्रथिनाचंच काम. पंचाहत्तर-ऐंशी अंशाच्या पुढे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची घडी उलगडते आणि ते केसिनला चिकटतं. वरून पाणी उडतंय, तूप वर येतंय, त्यात ही चिकट प्रथिनं. पातेलं न हलवता तसंच निवू दिलं की चांगली भाकरीसारखी साय. सतत ढवळलंत तर येत नाही. विरजणाचं दूध आधी उकळलेलं असलं की दही घट्ट लागतं, तेही याच चिकटण्याने.

---

भोईवाडेकर · गुरुवार, सकाळी ७.००

लॅक्टोमीटरकाका, आरेच्या काचेच्या बाटल्या आठवतात? केंद्रावर पहाटेची रांग, हातात कार्ड, बाटल्यांचा तो खळखळाट. आमच्या चाळीतले आजोबा म्हणायचे, उन्हं यायच्या आत आणलेलं दूध खरं.

---

निवृत्त_लॅक्टोमीटर · गुरुवार, सकाळी ७.२५

आजोबा बरोबर होते. आरे कॉलनी १९४९ ची, दारा खुरोडी यांचं काम. काचेच्या बाटलीची एकच खोड, उजेड आत जातो. दुधातलं बी २, म्हणजे रायबोफ्लेविन, उजेडाने मरतं. दोन तास कडक उन्हात बाटली राहिली तर निम्म्याच्या वर गेलं समजा, आणि दुधाला जळकट वास लागतो. घरी पनीर करताना खाली उरलेलं पाणी हिरवट-पिवळं दिसतं ना, तो रंग रायबोफ्लेविनचा. ते पाणी कणकेत घाला, फेकू नका.

---

वनस्पतीजन्य · गुरुवार, सकाळी ११.४०

दूध हे वासराचं अन्न, असं इथेच वर लिहिलंय. मग माणसाने प्यावंच का? सोडा आणि प्रश्न संपवा.

---

सायीची_राणी · गुरुवार, दुपारी १२.१०

दर दुधाच्या धाग्यावर हा प्रतिसाद येतोच. सूनबाईच्या गोळीचं बोलणं चाललंय इथे.

---

माटुंगा_रसायन · गुरुवार, दुपारी १.१५

त्यांना गप्प करू नका. दूध न पिताही नीट जगता येतं, फक्त बी १२ बाहेरून घ्यावं लागतं. एवढं बोलून पुढे जाऊ.

मला हे ढकलपत्र कुठून जन्मलं असावं ते सुचलंय. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला असं धरतं की सुटता सुटत नाही, जठराच्या आम्लातही नाही. निसर्गातल्या सगळ्यात घट्ट पकडींपैकी ती एक. रोज डझनभर कच्ची अंडी फोडून पिणाऱ्या पैलवानाला त्याने बायोटिनची कमतरता होऊ शकते, अंडं शिजवलं की प्रश्न मिटतो. कुणीतरी अंड्याची गोष्ट उचलून दुधाच्या पातेल्यात ओतली, असा माझा कयास.

---

नवी_आई_ठाणे · गुरुवार, दुपारी २.००

मध्येच विचारते. माझं बाळ सात महिन्यांचं, गाईचं दूध पचत नाही असं वाटतं. शेळीचं सुरू करू का? गावाहून सगळे तेच सांगतात.

---

माटुंगा_रसायन · गुरुवार, दुपारी २.२०

बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून ना गाईचं, ना शेळीचं. शेळीच्या दुधात फॉलेट गाईच्या दुधाच्या पाचव्या भागाइतकंच, आणि नुसत्या शेळीच्या दुधावर ठेवलेल्या बाळांना त्या अभावाने रक्तक्षय झाल्याचं शंभर वर्षांपासून नोंदलेलं आहे. वर भोईवाडेकरांनी ज्या फुगलेल्या पेशी सांगितल्या, तोच प्रकार.

---

लालबागची_काकू · शनिवार, संध्याकाळी ७.३०

आज तपासणी होती. मी मुद्दाम बरोबर गेले, आणि हा धागा डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या, मग गंभीर झाल्या.

फॉलिकचं तुम्ही सगळे म्हणालात तेच त्या म्हणाल्या, त्याची काळजी नाही. पण गोळीत नुसतं फॉलिक नाही, लोह आहे! आणि दुधातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर नको, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. चहाबरोबर तर नाहीच. दोन महिन्यांपूर्वी सूनबाईचं हिमोग्लोबिन ९.९ होतं, आज १०.१. एवढ्या दिवसांत याहून बरं वाढायला हवं होतं म्हणाल्या, निदान अकराच्या वर जायला हवं.

म्हणजे ढकलपत्राचं कारण खोटं आणि सल्ला तेवढा खरा. 'गोळी दुधाबरोबर देऊ नका' हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी बाहेर चपला सांभाळत बसले होते, आणि सूनबाई मला सांगायला बिचकली. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आई, तुम्ही वेलची घालून इतकं प्रेमाने आणायचात, कसं सांगणार?" मी काय बोलणार.

आता ठरलंय ते असं. गोळी दुपारी जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या सरबताबरोबर. मळमळलं तर एखादा खाकरा. कॅल्शियम सकाळी. दूध रात्री, एकटंच, वेलची घालून.

---

माटुंगा_रसायन · शनिवार, रात्री ८.०५

काकू, माझीच मला लाज वाटली. पाकिटावर बघा म्हटलं, फॉलिकचा भागाकार केला, आणि 'लोह-फॉलिक' या शब्दातलं लोह सोडूनच दिलं. तुमच्या पहिल्या प्रतिसादात होतं ते. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

निवृत्त_लॅक्टोमीटर · शनिवार, रात्री ८.२०

मीही त्यातलाच. म्हणून म्हटलं होतं, मला दुधापुरतंच कळतं.

---

सायीची_राणी · शनिवार, रात्री ८.४५

काकू, सूनबाईला खरवस आवडतो का? चिकात ही सगळी प्रथिनं आणि जीवनसत्त्वं भरभरून असतात ना काका?

---

निवृत्त_लॅक्टोमीटर · शनिवार, रात्री ९.१०

असतात. व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकात निवळीची प्रथिनं इतकी दाट की नुसत्या वाफेवर वडी धरते. फॉलेटधारकही नेहमीच्या दुधापेक्षा जास्त, अ आणि बी १२ सुद्धा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक असेल तर वडी मऊ पडते, तेव्हा दूध कमी घालायचं. दुकानातला खरवस जिभेवर विरघळण्याऐवजी थरथरत असेल तर तो चीक नाही, चायना ग्रास आहे.

तेवढं वाफवल्यावर प्रथिनांची घडी मोडलेली असते, पण वडी खाताना कोण घडी मोजतो?

---

लालबागची_काकू · शनिवार, रात्री ९.२५

आवडतो! जायफळ घालून, गुळाचा. खरा चीक लालबाग-परळकडे हल्ली कुठे मिळतो कोणी सांगेल का? पूर्वी जोगेश्वरीच्या तबेल्यातून एक भय्या बरणीत घालून आणून द्यायचा, तो गावी गेला तो परत आलाच नाही.

---

कुर्ला_कट्टा · शनिवार, रात्री ९.३१

काकू, निरोप पाठवलाय. आमच्या गल्लीत म्हैस व्यायला झालीय, मालक ओळखीचा आहे. बरणी तुमची, जायफळ तुमचं, चार वड्या माझ्या.